लग्नाच्या दिवसाचं टाइमटेबल कसं बनवायचं? महत्त्वाचे फोटो चुकू नयेत म्हणून फोनवरूनच करा पूर्ण नियोजन

लग्न ठरलं की हॉल, केटरर, कपडे, पत्रिका या सगळ्यावर महिनाभर चर्चा होते. फोटोग्राफरही ठरतो, अॅडव्हान्स दिला जातो. पण कोणत्या वेळी कोणाचे फोटो निघणार, यावर बहुतेक घरांत एक वाक्यही बोललं जात नाही. "तो बघून घेईल की" म्हणून विषय संपतो. या लेखात आपण लग्नाच्या दिवसाचं असं टाइमटेबल बनवायला शिकणार आहोत, ज्यात फोटोंना स्वतःची जागा असेल. लागणारं सगळं सामान तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आधीच आहे.

आधी एक स्वतःचा अनुभव सांगतो, म्हणजे मी एवढा खटाटोप का करतोय ते कळेल.

आमचं जुनं घर शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. ताईचं लग्न मे महिन्यात होतं, हॉल बीड बायपासच्या बाजूला, मुहूर्त १२:३५ चा. आमचं "नियोजन" म्हणजे फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज: "सगळे ९ वाजता तयार राहा." घरच्यांचे ग्रुप फोटो अकराला काढायचे असं तोंडी ठरलं होतं. ते "जेवणानंतर काढू" वर गेले. आजी ८२ वर्षांची. उन्हाने थकली, अडीच वाजता मामेभाऊ तिला घरी सोडून आला. जेवणं साडेतीनला आटोपली. त्या वर्षी दिवाळीनंतर आजी गेली. लग्नाचे २,३०० फोटो आमच्याकडे आहेत. त्यात आजी एकाच फोटोत आहे, अंतरपाटाच्या कडेला, अर्धी झाकलेली. ताई आणि आजी एकत्र असलेला एकही फोटो नाही.

चूक कोणा एकाची नव्हती. चूक टाइमटेबलची होती, म्हणजे ते नसण्याची.

आधी लॉग वाचूया: वेळ गेला कुठे?

सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की आपण आधी लॉग बघतो. फोटोंचाही लॉग असतो, त्याला एक्झिफ म्हणतात. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कधी काढला, शटर स्पीड किती होता, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही माहिती साठवलेली असते. गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवला की यातली बरीच माहिती दिसते.

मी ताईच्या लग्नाचे सगळे फोटो वेळेनुसार लावले आणि खरं टाइमटेबल काढलं. मेकअप ९:३० ला संपणार होता, संपला १०:४० ला. पुढे शहागंजातून निघताना अजून वेळ गेला, कारण आमच्या गल्लीत मोठी गाडी येत नाही. नऊवारी आणि दागिने सांभाळत नवरीला चौकापर्यंत चालत जायचं, हे कोणी धरलंच नव्हतं. नवरी हॉलवर पोचली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आणि तरीही अक्षता पडल्या १२:३८ ला, म्हणजे जवळजवळ वेळेवर!

उशीर एवढा होऊनही मुहूर्त गाठला, तर तो उशीर गेला कुठे? तो फोटोंच्या वेळेतून कापला गेला. पूर्ण लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे: लग्नात काही गोष्टी हलत नाहीत आणि काही हलतात. उशीर नेहमी हलणाऱ्या गोष्टींना खातो, आणि फोटो कायम हलणाऱ्या यादीत असतात.

पायरी १: दोन याद्या करा

गुगल शीट्स उघडा आणि आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहा:

- मुहूर्त. ही वेळ गुरुजींकडूनच घ्या. पंचांगातली गणितं सूर्योदय-सूर्यास्तावर चालतात आणि मुंबईपेक्षा संभाजीनगरात सूर्य साधारण १० मिनिटं आधी मावळतो. त्यामुळे दुसऱ्या शहराच्या वेळा जशाच्या तशा धरू नका.
- सूर्यास्त. तो कोणासाठी थांबत नाही.
- हॉल रिकामा करायची वेळ. करारात लिहिलेली असते, वाचून घ्या.
- रात्री १०. त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला नियमाने बंदी आहे. वरात संध्याकाळी असेल तर डीजे किंवा बँड याच्या आत संपायला हवा.

बाकी सगळं हलणाऱ्या यादीत: मेकअप, नाश्ता, प्रवास, सत्कार, आहेर, ग्रुप फोटो, जोडप्याचे फोटो.

निकाह असेल तर इजाब-कबूल आणि निकाहनाम्यावरच्या सह्या हा भाग काही मिनिटांत होऊन जातो. तो मशिदीत असेल तर आत फोटो काढलेले चालतील का, आणि महिलांच्या बाजूला कोण शूट करणार, हे आधी विचारून घ्या. वलीमा वेगळ्या दिवशी असेल तर सगळे ग्रुप फोटो तिकडे टाकता येतात. बौद्ध पद्धतीच्या विवाहात त्रिशरण-पंचशील आणि वधूवरांची प्रतिज्ञा हा मुख्य भाग असतो, तो विधी किती मिनिटं चालेल हे लग्न लावणाऱ्यांना विचारा. विधी कोणताही असो, दोन याद्यांची पद्धत तीच राहते.

पायरी २: मुहूर्तापासून उलटं मोजा

बहुतेक लोक सकाळपासून सुरुवात करतात: सहाला उठायचं, सातला आंघोळ... तसं करू नका. मुहूर्त धरा आणि मागे या. १२:३५ ला अक्षता म्हणजे १२:१५ ला अंतरपाट धरायची तयारी. त्याआधी नवरी गौरीहाराला बसलेली हवी, म्हणजे ११:१५. त्याआधी सीमांतपूजन सकाळीच असेल तर १०:१५. आदल्या संध्याकाळी उरकलं असेल तर एक तास मोकळा मिळाला.

शीटमध्ये चार रकाने करा: काम, सुरुवात, किती मिनिटं, जबाबदार माणूस. सुरुवातीची वेळ हाताने लिहू नका, फॉर्म्युला लावा: आधीच्या कामाची सुरुवात अधिक त्याची मिनिटं. इथे एक छोटी अडचण येते. शीट्समध्ये पूर्ण दिवस म्हणजे १ हा आकडा, म्हणून मिनिटांना १,४४० ने भागून मग मिळवायचं. एकदा हे केलं की मेकअपची ६० मिनिटं ९० केली की खालच्या सगळ्या वेळा आपोआप सरकतात. मुहूर्ताच्या ओळीत मात्र वेळ हातानेच टाका. वरची बेरीज मुहूर्ताच्या पुढे गेली की लगेच कळेल की काहीतरी कापायला हवं. हे लग्नाच्या दिवशी कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळलेलं बरं.

आणि राखीव वेळ ठेवा. सगळा राखीव वेळ शेवटी एकदम ठेवू नका. मेकअपनंतर ३० मिनिटं, प्रवासानंतर १५ मिनिटं असा वाटून ठेवा. प्रवासासाठी गुगल मॅप्समध्ये "किती वाजता पोचायचं" हा पर्याय आहे, तिथे लग्नाचाच वार आणि वेळ टाकून बघा. पण मॅप्सला तुमच्या गल्लीत गाडी येत नाही हे माहीत नसतं. चेलीपुरा, शहागंज, राजाबाजार अशा जुन्या भागात घरापासून गाडीपर्यंतची १० मिनिटं तुम्हीच धरा.

पायरी ३: उजेड बघून फोटोची वेळ ठरवा

चांगल्या फोटोत कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा उजेडाचा हात मोठा असतो. आपल्या शहराचं गणित साधारण असं आहे:

- नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर मध्य: सूर्यास्त ५:५० च्या आसपास
- फेब्रुवारी मध्य: ६:२८ च्या आसपास
- मे मध्य: ६:५८ च्या आसपास

सूर्यास्ताआधीचा पाऊण तास जोडप्याच्या फोटोंसाठी सगळ्यात छान. सूर्य खाली असतो, उजेड मऊ आणि सोनेरी होतो, चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे उजेड पटकन जातो, २५ मिनिटांच्या आत अंधारायला लागतं. गोरज मुहूर्त असेल तर हे खास लक्षात ठेवा. लग्न लागेपर्यंत बाहेरचा उजेड संपलेला असेल, म्हणून बाहेरचे फोटो मुहूर्ताच्या आधीच उरका.

मे महिन्यातली दुपार सगळ्यात वाईट. १९-२० मेच्या आसपास संभाजीनगरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे शून्य सावली. तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि मेकअपही टिकत नाही. त्या वेळी कोणालाही उन्हात उभं करू नका. वाड्याची ओसरी, मोठी खिडकी, हॉलचा पोर्च अशा सावलीच्या पण उजेड येणाऱ्या जागा आधी हेरून ठेवा. लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपाखाली चेहऱ्यांवर कापडाचा रंग उतरतो, तेही टाळा.

जागा कोणती? बीबी का मकबऱ्यासमोर फोटो हवेत असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड, लाइट किंवा व्यावसायिक शूट असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते, आणि मुहूर्ताच्या दिवशी जाऊन-येऊन दीड-दोन तास सहज जातात. असे फोटो आदल्या आठवड्यात काढा. ड्रोनचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेला आहे. आपल्याला चिकलठाण्याचं विमानतळ जवळ, तेव्हा हॉल कोणत्या भागात येतो ते डिजिटल स्काय प्लॅटफॉर्मवर तपासा आणि ड्रोनवाल्यालाही विचारा.

पायरी ४: ग्रुप फोटोंची यादी, आणि आवाज देणारा माणूस

एका ग्रुप फोटोला किती वेळ लागतो? माणसं समोर उभी असतील तर दोन-तीन मिनिटं. शोधायची असतील तर दहा. म्हणजे २० ग्रुप असतील तर एक तास तरी धरा. एक तास देणं शक्य नसेल तर ग्रुप कमी करा, वेळ खोटा लिहू नका.

यादी करताना हे नियम पाळा:

१. सगळ्यात वयस्कर माणसं पहिली. आजी-आजोबा, आजारी असलेले काका, लहान बाळ असलेली वहिनी. यांचे फोटो मुहूर्ताच्या आधी.
२. मग वाढवत जा: नवरी आणि आजी, त्यात आई-बाबा, त्यात भावंडं, त्यात मावशी-आत्या. एकदा आलेला माणूस परत बोलवावा लागत नाही.
३. मित्रमैत्रिणी शेवटी. ते थांबतात.
४. प्रत्येक ओळीत नावं लिहा. "वडिलांकडचे सगळे" असं लिहिलं तर कोणीतरी राहणारच.

फोटोग्राफरला तुमची आत्या कोणती आणि मावशी कोणती हे माहीत नसतं. म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक आवाज देणारा माणूस ठेवा. सगळ्यांना नावाने ओळखणारा, मोठ्या आवाजाचा आणि ज्याचं लोक ऐकतात असा. आमच्याकडे हे काम धाकट्या मामाला दिलं होतं. नवरीच्या सख्ख्या भावाला देऊ नका, तो त्या दिवशी शंभर ठिकाणी पळत असतो. हे मी अनुभवावरून सांगतोय.

नमुना टाइमटेबल (डिसेंबर, मुहूर्त १२:३५)

- ६:४५ – मेकअप सुरू
- ८:३० – मेकअप पूर्ण, पुढे ३० मिनिटं राखीव
- ९:०० – नवरीचे एकटीचे फोटो, बाहेरच्या उजेडात, २० मिनिटं
- ९:२० – आजी-आजोबा आणि घरचे, १० ग्रुप, ३० मिनिटं
- ९:५० – नाश्ता, थोडा राखीव वेळ
- १०:१५ – सीमांतपूजन
- ११:१५ – नवरी गौरीहाराला
- ११:४५ – नवरदेव मंडपाकडे, राखीव
- १२:१५ – अंतरपाट, मंगलाष्टकं
- १२:३५ – अक्षता
- १२:४५ ते २:३० – कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी; पाहुण्यांच्या पंगती बाजूने सुरू
- २:३० – दोन्ही घरांचे एकत्र ग्रुप आणि स्टेजवरच्या भेटी
- ३:१५ – विहिणीची पंगत
- ५:०० ते ५:४० – जोडप्याचे फोटो, सोनेरी उजेडात
- ६:०० – पाठवणी

यात घरच्या घरी तयार होऊन मग हॉलवर जायचं नाही, सगळे सकाळी हॉलवरच तयार होतात असं धरलं आहे. घरून निघणार असाल तर प्रवास मिळवून सुरुवात तेवढी आधी घ्या. मे महिन्यात जोडप्याचे फोटो ६:१० नंतर जातील, म्हणून हॉल किती वाजेपर्यंत आपल्याकडे आहे ते बघा.

पायरी ५: सगळ्यांची घड्याळं एक करा

ताईच्या फोटोंमध्ये एक गंमत निघाली. दुसऱ्या कॅमेऱ्यात अक्षता सकाळी ७:०८ ला पडल्या होत्या! खरी वेळ १२:३८, म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक. तो कॅमेरा भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर होता. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप बरोबर होतं, पण बऱ्याच कॅमेऱ्यांचं हाताने लावावं लागतं. घड्याळं वेगळी असली की अल्बममध्ये सप्तपदी आधी आणि हळद नंतर असा गोंधळ होतो.

उपाय सोपा आहे. सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच फोनच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एकेक फोटो काढायचा. पुढे फरक निघाला तरी त्या फोटोवरून सगळ्या वेळा एकदम दुरुस्त करता येतात. शहागंजात मनोरा बांधला तोही एवढ्याचसाठी, सगळ्या बाजाराने एकच वेळ पाहावी म्हणून.

पायरी ६: घरच्या फोनवाल्यांसाठी सेटिंग्ज

- स्टोरेज मोकळं करा. आयफोनच्या एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये फोर-के, ३० एफपीएस व्हिडिओला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, तर १०८० पी ला साधारण ६० एमबी. अर्धा तास फोर-के म्हणजे पाच जीबी! विधी लांबलचक शूट करायचे असतील तर १०८० पी पुरेसं आहे.
- पट्टे येत असतील तर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण फोनमध्ये काळे पट्टे येतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. व्हिडिओ २५ किंवा ५० एफपीएसवर घ्या.
- अक्षतांच्या वेळी फोन उंच करून मधे उभे राहू नका. अंतरपाट एकदाच खाली येतो. दोन फोटोग्राफर असतील तर एकाने नवरीचा चेहरा आणि दुसऱ्याने नवरदेवाचा, असं आधी ठरवा. मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून एकदा सांगितलं तर लोक ऐकतात.
- बर्स्ट मोड घरी तांदूळ उडवून आधी करून बघा. प्रत्येक फोनमध्ये तो वेगळ्या पद्धतीने चालू होतो.

पायरी ७: टाइमटेबल वाटा, फोटो सांभाळा

शीट सगळ्यांना फक्त बघण्यापुरती शेअर करा, बदलायचा हक्क दोघांनाच ठेवा. हॉलमध्ये नेटवर्क गचकतं, म्हणून शीट ऑफलाइन उपलब्ध करा आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. आणि हो, दोन-तीन कागदी प्रिंट काढाच. गुरुजी, केटरर आणि मोठे काका शीट उघडणार नाहीत, कागद मात्र वाचतात. गुरुजींशी तर आठवडाभर आधीच बोला. मी विचारलं तेव्हा गुरुजी हसून म्हणाले, "अहो, हे कोणी विचारतच नाही." आणि त्यांनी कोणत्या विधीला किती मिनिटं लागतील ते सगळं सांगितलं.

लग्नानंतर फोटो साध्या पद्धतीने व्हॉट्सअॅपवर मागवू नका, ते लहान करून पाठवले जातात आणि एक्झिफही निघून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा गुगल फोटोजचा शेअर्ड अल्बम करा. त्यात फोटो टाकायला गुगल खातं लागतं आणि मोफत जागा १५ जीबीच असते, हे लक्षात असू द्या. शेवटी बॅकअपचा ३-२-१ नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक हार्ड डिस्क कपाटात आणि एक प्रत क्लाउडवर ठेवली की काम झालं.

हे खरंच चालतं का?

ताईनंतर दीड वर्षाने चुलतभावाचं लग्न झालं, त्याचं टाइमटेबल मी केलं. सगळं वेळेवर झालं का? अजिबात नाही. मेकअप पन्नास मिनिटं लांबला, नवरदेवाचा फेटा बांधणारा हरवला, जोडप्याचे सोनेरी उजेडातले फोटो चाळीसऐवजी पंधरा मिनिटांत उरकावे लागले. पण मोठ्या काकूंचे, म्हणजे नवरदेवाच्या आजीचे फोटो सकाळी साडेनऊलाच निघाले होते. दुपारी त्या थकून घरी गेल्या तेव्हा कोणाला "अरे, राहिलंच" असं म्हणावं लागलं नाही.

तुमच्याकडे सगळ्या पायऱ्या करायला वेळ नसेल तर निदान एकच करा. यादीतली पहिली ओळ आज लिहा: घरातलं सगळ्यात मोठं माणूस आणि नवरी, वेळ मुहूर्ताच्या आधी. बाकीचं फोटोग्राफर बघून घेईल.